ओस्सी माणूस सोडत नाही

सकाळी कपडे बदलायच्या खोलीत शिरल्यावर ओस्सी तुर्पेइनेन आधी कुणाकडे बघत नसे. तो आपल्या खुंटीकडे बघे. सरावाची जर्सी तिथं अगोदरच अडकवलेली असे, आणि तिचा रंग दिसला की आजचा दिवस कसा जाणार ते कळे. बर्फावरच्या हॉकीत बचावपटू जोडीजोडीनं खेळतात. पहिली जोडी लाल, दुसरी निळी, तिसरी पांढरी. सातव्याला पिवळी. पिवळ्या जर्सीवाला सगळ्यांबरोबर सराव करतो, सगळ्यांइतकाच घामाघूम होतो आणि संध्याकाळी सामन्याच्या वेळी सूट घालून वर पत्रकारांच्या मागे बसतो. यावर कोणी काही बोलत नाही. कोच बोलत नाही, दोस्त बोलत नाहीत, आणि पिवळ्या जर्सीवाला तर मुळीच नाही.

नाताळ झाल्यापासून ओस्सीच्या खुंटीला पिवळीच होती.

"आजोबा, आज दात आणलेत का?" शेजारच्या बाकावरून लूकासनं विचारलं. लूकास वीस वर्षांचा, संघातला सगळ्यात लहान बचावपटू, पांढऱ्या जोडीतला.

"आणलेत. तुझा कान चावायचाय."

खोली हसली. ओस्सी चौतीस वर्षांचा होता. बाहेरच्या जगात तरुण, या खोलीत आजोबा. वरचे तीन दात फार पूर्वी खेळातल्या कडक रबरी चकतीनं नेले होते. लावायचे दात तो कोटाच्या खिशात डबीत ठेवी आणि मुलीला भेटायला जाताना तेवढे लावी.

तो मूळचा खेड्यातला. वडील शाळेचे शिपाई. थंडी पडली की संध्याकाळी ते नळी घेऊन शाळेच्या पटांगणात पाणी मारत, आणि सकाळी पोरांना खेळायला बर्फ तयार असे. ओस्सी सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत बारका. त्याच्याकडे चकती कोणी देतच नसे. एकदा तो रडत घरी आला तेव्हा वडील बुटातली ओली गवताची सोल बदलत होते. मान वर न करता ते म्हणाले, "चकती मिळत नाही ना? मग माणूस धर. त्यांच्यातला सगळ्यांत चांगला कोण ते बघ आणि तो जाईल तिथं जा. पाणी प्यायला गेला तरी जा."

वडिलांनी सांगितलेलं त्यानं जरा जास्तच मनावर घेतलं. शेजारच्या गावाविरुद्धच्या सामन्यात त्यांचा म्होरक्या बुटाची नाडी बांधून घ्यायला आईकडे गेला, तर ओस्सीही मागोमाग जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. त्या बाईनं नाडी बांधली, मग दोघांच्या हातावर वेलचीच्या पावाचा एकेक तुकडा ठेवला आणि ओस्सीच्या कानावरची टोपी खाली ओढली. त्या दिवशी म्होरक्याला एकही गोल करता आला नाही.

पुढे हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा झाला. हाउकीयार्वीच्या संघातून तो फिनलंडच्या सगळ्यांत वरच्या लीगमध्ये खेळला, वर्षानुवर्षं खेळला. गोल म्हणावेत असे त्याच्या नावावर नव्हतेच. वर्तमानपत्रात त्याचं नाव बहुधा चुकीचं छापून येई. पण समोरच्या संघातले नामांकित खेळाडू सामन्याआधी त्याचं नाव दिसलं की तोंड वाकडं करत. एकानं सामना संपल्यावर हात मिळवताना त्याला सांगितलं होतं, "माझी बायकोसुद्धा माझ्या इतकी मागे लागत नाही रे."

ओस्सीची स्वतःची बायको, रीक्का, वेगळं म्हणाली होती. "मैदानावर एका परक्या माणसाला चिकटून असतोस आणि घरी आलास की सोफ्याच्या त्या टोकाला." आवाज चढवून नाही, भांडी पुसता पुसता म्हणाली. ती वेगळी झाली तीही तशीच, आवाज न करता. आता ती योउनी नावाच्या माणसाबरोबर तळ्याच्या पलीकडे राहत होती. योउनी चांगला माणूस होता. त्याच्यात खोट काढायचा ओस्सीनं मनापासून प्रयत्न केला होता, पण निघाली नाही. मुलगी, नऊ वर्षांची हिल्या, आईजवळ असे. बुधवार मात्र ओस्सीचा. शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत.

बाकीचे दिवस कसे जात ते सांगण्यासारखं नाही. खाली गाडीला इंजिन गरम ठेवायची वायर लावायची, वर येऊन गुडघ्यांना बर्फ लावायचा. उभ्याउभ्याच ओट्याशी लापशी खायची, ताट एकच, ते लगेच धुऊन ठेवायचं. इमारतीच्या सौनात, तापल्या दगडांच्या वाफेच्या खोलीत, त्याची पाळी शुक्रवारी. दोन माणसांच्या फळीवर तो एकटा बसे आणि दगडांवर पाणी टाकताना उगीचच शेजारी बघे, जास्त गरम तर होत नाही ना, असं कोणाला तरी विचारायचं असल्यासारखा.

नवा कोच आला तो गेल्या उन्हाळ्यात. मार्त्ती काउप्पिला, बारीक अंगाचा, मृदू बोलणारा माणूस. पहिल्याच बैठकीत त्यानं सांगितलं, "यापुढं माणूस धरायचा नाही. जागा धरायची."

मग त्यानं असं समजावलं की कोणालाही कळावं. "आपलं घर आहे समजा, आणि तुझ्या वाट्याला एक खोली आली आहे. पाहुणा तुझ्या खोलीत आहे तोवर तुझा. तो बाहेर पडला की शेजारच्याला हाक मार, 'तुझा!' म्हणून. आणि तू खोलीतच थांब. तू त्याच्यामागं घरभर फिरलास तर तुझ्या खोलीत दुसरा शिरेल, आणि तुझी खोली म्हणजे आपल्या गोलाच्या तोंडची जागा आहे."

बाकीचे महिनाभरात शिकले. लूकास तर जन्मतः तेच शिकून आल्यासारखा खेळे. ओस्सीला मात्र दोन्ही गोष्टी जड गेल्या. माणूस सोडणं जड, आणि हाक मारणं त्याहून जड. हेलसिंकीपर्यंतच्या बसच्या प्रवासात तो फक्त "खिडकी लाव" एवढं बोलल्याचे किस्से संघात होते.

"ओरड ना, आजोबा!" लूकास सरावात वैतागून म्हणे.

"ओरडलो की."

"कधी?"

"मनात."

सगळे हसत, मार्त्तीही हसे. पण हसून झालं की तो पिवळी जर्सी ओस्सीच्याच खुंटीला लावे.

फेब्रुवारीत एका गुरुवारी, वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक खाऊन झाल्यावर, मार्त्तीनं त्याला आपल्या खोलीत बोलावलं. दोघांसाठी कॉफी ओतली.

"तुला फिरवून फिरवून सांगत नाही," मार्त्ती म्हणाला. "पुढच्या मोसमासाठी मला आपली जागा न सोडणारे बचावपटू हवेत. वय मी बघत नाही. उरलेल्या सामन्यांत संधी निघाली तर मी तुला उतरवीन. माणूस सोडता येतो एवढं मला दाखव, मी तुला ठेवून घेतो. नाहीतर फ्रान्समधल्या एका क्लबचा फोन आला होता. ते अजून जुन्या पद्धतीनं खेळतात. त्यांना तू चालशील. चालशील काय, धावशील."

ओस्सीनं कॉफीत बराच वेळ चमचा फिरवला. त्यात साखर नव्हती.

"लांब आहे," तो म्हणाला.

"विमान आहे की."

"बुधवारी?"

"बुधवारी काय?"

"बुधवारी मुलगी असते."

मार्त्ती म्हणाला, "मग जागा धर, ओस्सी. एवढंच आहे. जागा धर."

पुढचे काही दिवस ओस्सी सरावानंतर एकटा बर्फावर थांबू लागला. गोलासमोर उभा राहून तो समोरून नसलेला माणूस जाताना बघे, पाय घट्ट रोवून ठेवी आणि रिकाम्या हॉलमध्ये ओरडे, "तुझा!" आवाज छपराला लागून परत येई. बर्फ साफ करायचं यंत्र घेऊन उभा असलेला माणूस आधी दचकायचा. मग त्याला सवय झाली.

मार्चमध्ये लूकासच्या जोडीदाराचा गुडघा पिरगळला. शनिवारी सकाळी ओस्सी खोलीत शिरला तेव्हा त्याच्या खुंटीला पांढरी जर्सी होती. लूकास स्वतःची पांढरी जर्सी घालून तयार बसला होता. तो म्हणाला, "आजोबा, आज आपण नवरा-नवरी. हाक नाही मारलीस तर घटस्फोट." मग बोललेलं आठवून त्याचे कान लाल झाले.

"मारीन," ओस्सी म्हणाला. "तू ऐक म्हणजे झालं."

संध्याकाळी हॉल भरला होता. हा सामना जिंकला तर संघ बाद फेरीत, हरला तर मोसम संपला. समोरच्या संघाचा चौदा नंबर दांडगा आणि चलाख होता. ओस्सी पहिल्यांदा बर्फावर उतरला तेव्हाच चौदा नंबर गोलासमोर येऊन त्याला खेटून उभा राहिला, कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, "अजून जिवंत आहेस होय, म्हाताऱ्या?"

मग तो सरकला. गोलाच्या मागून वळसा घालून पलीकडं निघाला. ओस्सीच्या डाव्या पायाला त्याच्यामागं जायचं होतं. ओस्सीनं तो जाऊ दिला नाही.

"तुझा!"

लूकास इतका चकित झाला की चौदाला अडवता अडवता हसला. बाकावर बसलेल्यांनी काठ्या आपटल्या. "आजोबांना कंठ फुटला!" कोणीतरी ओरडलं.

त्या संध्याकाळी ओस्सीनं किती वेळा हाक मारली कोण जाणे. दर वेळी ती थोडी सोपी झाली. माणूस जाई, तो थांबे. दुसरा येई, तो त्याला अंगावर घेई. मधल्या सुट्टीत जाता जाता मार्त्तीनं ओस्सीच्या हेल्मेटवर दोन बोटांनी टकटक केलं. ओस्सीच्या मनात बुधवार आला. हिल्याला पुढच्या थंडीत उतारावरचं स्कीइंग शिकायचं होतं. त्याला वाटलं, जमेल ते. इथंच राहून जमेल.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा हाउकीयार्वी एका गोलनं पुढं होतं. समोरच्यांनी गोलरक्षक काढून त्याच्या जागी आणखी एक हल्ला करणारा उतरवला. मार्त्तीनं बाकाकडं बघितलं आणि लूकास व ओस्सीला पाठवलं. शेवटच्या मिनिटाला तो त्यालाच पाठवेल असं कोणाला वाटलं नव्हतं. ओस्सीलाही नाही.

चौदा नंबर गोलासमोर होता, ओस्सीला खेटून. मग तो सुटला आणि वर, गोलापासून लांब, निळ्या रेषेकडं निघाला. सावकाश निघाला, काही विसरलेलं आणायला निघावं तसा.

"सोड त्याला!" लूकासची हाक आली, स्पष्ट, जवळून. "वर आपला आहे! थांब!"

ओस्सीला हाक ऐकू आली. वर आपला माणूस उभा आहे हेही त्याला दिसलं. आणि तरी तो निघाला.

चौदाकडं चकती आली तेव्हा ओस्सी त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. चौदानं काठी उगारली. ओस्सी आडवा पडला. चकती त्याच्या बरगड्यांवर बसली आणि उडून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. शिट्टी झाली. सामना संपला.

हॉल उठून उभा राहिला. तो बर्फावर पडला होता, श्वास येत नव्हता, आणि सगळा संघ त्याच्या अंगावर येऊन कोसळला. छपरापर्यंत त्याचं नाव घुमत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घुमत होतं. पोरांच्या ढिगाऱ्याखालून मान वळवून त्यानं गोलाकडं बघितलं. गोलाच्या तोंडाशी समोरच्या संघाचा एक खेळाडू अजून तसाच उभा होता. बावीस नंबर. काठी बर्फावर टेकलेली, आजूबाजूला चिटपाखरू नाही. चौदानं चकती मारायच्या ऐवजी त्याच्याकडं सरकवली असती, तर त्याला ती नुसती ढकलायची होती.

खोलीत कोणीतरी त्याला मासेमारीची जुनी टोपी घातली, संघात दर वेळी सामनावीराला घालत ती. फोटो निघाले. ओस्सी हसला, दात डबीत होते. बरगड्या तपासायला आलेल्या डॉक्टरला तो म्हणाला, काही नाही, आणि खोल श्वास घेताना कोणाला दिसू नये म्हणून भिंतीकडं वळला.

न्हाणीघरात लूकास त्याच्या शेजारच्या नळाखाली आला. त्यानं थट्टा केली नाही.

"मी ओरडलो होतो."

"ऐकलं."

"मग?"

ओस्सीनं डोक्यावरून पाणी वाहू दिलं. बाहेर पोरं गात होती. लूकासनं नळ बंद केला आणि टॉवेल गुंडाळून त्यांच्यात गेला.

सोमवारी सामन्याची चित्रफीत बघायला सगळे बसले. शेवटच्या मिनिटापाशी मार्त्तीनं चित्र थांबवलं आणि बावीस नंबरवर बोट ठेवलं. "हा कुणाच्या खोलीत उभा आहे?"

खोलीत चुळबुळ झाली. "जिंकलो ना, मार्त्ती," मागून कोणी म्हणालं. "ओस्सीनं वाचवलं."

"हो. वाचवलं," मार्त्ती म्हणाला आणि पुढं गेला. पण सगळे उठले तेव्हा त्यानं ओस्सीला थांबायची खूण केली. पडद्यावर तेच चित्र होतं. एका कडेला ओस्सी आणि चौदा, अगदी जवळजवळ. मध्ये मोकळा बर्फ. आणि एकटा बावीस.

"चौदानं ती त्याला दिली असती तर?"

"गोल."

"तुला माहीत होतं तो तिथं आहे?"

"होतं."

"लूकासची हाक?"

"आली होती."

मार्त्तीनं खुर्ची ओढून समोर घेतली. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "सबंध सामना तू मला पाहिजे तसा खेळलास. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू. मग शेवटी का गेलास?"

ओस्सीनं खरंच विचार केला. उत्तर शोधायला तो बराच मागं जाऊन आला असावा.

"तो जाताना दिसला," तो म्हणाला. "जाणारा माणूस दिसला की मला थांबता येत नाही. थोडा वेळ येतं. कायम नाही."

"गावाला वाटतंय तू आम्हाला बाद फेरीत नेलंस. आणि नेलंसही. पण यावर मी संघ उभा करू शकत नाही, ओस्सी. समोरचा दर वेळी चकती मारणार नाही. एखादा देईल."

"माहीत आहे."

"तुला पटतंय?"

"मी कोच असतो तर मीही मला घेतलं नसतं."

मार्त्तीनं मान खाली घातली. खिडकीबाहेर कोणीतरी बादलीनं पायऱ्यांवर वाळू टाकत होतं.

"फ्रान्सवाल्यांना काय सांगू? ते या आठवड्यात विचारतील. तो शेवटचा क्षण त्यांनीही बघितलाय. त्यांना तू आणखीच आवडलास."

"नाही म्हणून सांग."

"विचार कर. अजून दोन-तीन वर्षं खेळशील तिथं. इथं काय करशील?"

"खिडक्यांच्या कारखान्यात माणसं घेतात."

"तू खिडक्या करणार?"

"कोणीतरी करतंच की."

मंगळवारी पांढरी जर्सी कनिष्ठ संघातून आणलेल्या एका पोराला मिळाली, आणि ओस्सीच्या खुंटीला पिवळी होती. लूकासनं ती आधी बघितली. तो दातांबद्दल काही बोलला नाही. ओस्सीनं जर्सी घातली, सगळ्यांबरोबर बर्फावर गेला, आणि सराव संपल्यावर बाकीच्यांच्या बरोबरच बाहेर आला. त्या रिकाम्या हॉलमध्ये आता त्याला एकट्यानं ओरडून काही शिकायचं नव्हतं.

बुधवारी त्यानं शाळेपाशी गाडी लावली, डबीतून दात काढून बसवले आणि आरशात बघितलं. हिल्या पळत आली. तिच्या टोपीचा गोंडा एका दोऱ्यावर लोंबत होता. रीक्काचं लक्ष गेलं नसावं, किंवा वेळ नसेल.

"बाबा, सगळी शाळा बोलतेय! तू असा पडलास आणि ती तुला धप्पकन लागली! दुखलं?"

"नाही."

"खोटं. आई म्हणाली दुखलं असणार. मग आता शनिवारी पण तू खेळणार?"

ओस्सीनं गाडी सुरू केली. काच पुसली. मग म्हणाला, "नाही. शनिवारी नाही. आता बहुतेक नाहीच खेळणार."

"का? तूच तर वाचवलंस ना!"

"मी माझी जागा सोडून गेलो होतो, हिल्या. तिथं दुसरा एकजण उभा होता. नशीब म्हणून वाचलो."

तिनं यावर सिग्नल सुटेपर्यंत विचार केला. "मग तू परदेशी जाणार का? आई म्हणत होती, जाशील. तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणजे मला रडू नको यायला."

"नाही जाणार. इथंच."

"म्हणजे बुधवारी येशील?"

"बुधवारी येईन."

"बरं," ती म्हणाली आणि दप्तरातून पोहण्याची पिशवी काढू लागली. तिला आनंद झाला असेल. तिनं तो दाखवला नाही इतकंच. या बाबतीत ती बापावर गेली होती.

पोहण्याच्या हॉलच्या कॅफेत काचेला लागून टेबलं होती. ओस्सीनं कॉफी घेतली आणि तिच्यासाठी दालचिनीचा पाव घेऊन त्यावर कागदी रुमाल झाकून ठेवला, वाळू नये म्हणून. शिवाय काउंटरवरच्या बाईकडं सुई-दोरा मागितला. तिनं ड्रॉवर उचकून दिला, पण दोरा काळा होता आणि टोपी पिवळी. त्यानं काळ्यानंच गोंडा शिवायला घेतला. बरगड्या दुखत होत्या, म्हणून टोपी टेबलावर ठेवून वाकून शिवत होता.

काचेपलीकडं आवाज नव्हता. हिल्याला तिथं दोन मैत्रिणी भेटल्या होत्या. तिघी उथळ बाजूनं पाण्यात उतरल्या. हिल्यानं मान वर करून काचेकडं बघितलं. त्यानं सुईचा हात वर केला. ती खोल बाजूच्या दोरीपर्यंत गेली आणि पुन्हा वळून बघितलं. त्यानं पुन्हा हात केला. मग मैत्रिणींपैकी एक काहीतरी बोलली, तिघी हसल्या, आणि हिल्या दोरीखालून पलीकडं गेली.

गोंडा पक्का बसला होता. त्यानं दोऱ्याची गाठ मारली, दातांनी तोडायला गेला आणि आपले दात लावलेले आहेत हे आठवून थांबला. मग काउंटरपाशी जाऊन कात्री मागून आणली. परत आला तेव्हा खोल पाण्यात पोहण्याच्या बऱ्याच टोप्या दिसत होत्या, सगळ्या सारख्याच निळ्या. त्यातली तिची कोणती ते शोधत तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. दर वेळी त्याला वाटे, हीच ती. पण त्यांच्यातली कोणीच आता मान वर करत नव्हती.